पाय टेकतात का? नाशिकच्या बाजारातल्या पॉटी, सीट आणि शिड्या

पॉटी घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या. ते शक्य नसेल तर निदान त्याच्या पायाचं माप न्या. मुलाला बुटक्या पाटावर बसवा आणि गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंत दोरा धरून तेवढाच कापा. दोन वर्षांच्या मुलाचा हा दोरा साधारण २० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. दुकानात पॉटी उचलली की जमिनीपासून बसायच्या कडेपर्यंत तोच दोरा लावून बघा. कड दोऱ्यापेक्षा एक ते तीन सेंटिमीटर खाली असली तर ती पॉटी त्या मुलाची. वर गेली तर रंग कितीही गोड असू दे, परत ठेवा.

एवढा आग्रह कशासाठी, तर शी बाहेर येण्याचं निम्मं काम पाय करतात. मोठ्या आतड्याच्या शेवटाला एक स्नायू गोफणीसारखा वळसा घालून असतो. उभं असताना तो आतड्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे वाक पडतो आणि शी आत थांबते. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले आणि मूल पुढे झुकलं की हा स्नायू सैल पडतो आणि वाक बराच सरळ होतो. उकिडवं बसल्यावर पोट पटकन साफ होतं ते यामुळेच. पाय लोंबकळत असतील तर मूल मांड्या आणि पोट आवळून स्वतःला सावरण्यातच गुंततं. मग घरातले म्हणतात, "बसतो दहा मिनिटं, पण करत नाही, आणि उठला की लगेच चड्डीत करतो." हा हट्ट नाही. खाली उतरल्यावर पाय टेकतात, तेव्हा कुठे त्याला जमतं.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात जास्त गुण आम्ही साध्या, बुटक्या, एकरंगी प्लास्टिकच्या पॉटीला देतो. मेन रोड, भांडी बाजार, रविवार कारंजा या भागातल्या प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानांत ती साधारण २०० ते ५०० रुपयांत मिळते. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या लहान मुलांच्या दुकानांत तशाच वस्तूला जरा जास्त पैसे पडतात, पण तिथे मूल बसवून बघू देतात, आणि या खरेदीत ते महत्त्वाचं आहे. ही वस्तू बरेच दुकानदार परत घेत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

उचलून नेमकं काय बघायचं? आधी आतलं भांडं. ते सबंध एका तुकड्याचं हवं, आतून गुळगुळीत हवं, आणि मागून किंवा वरून सरळ उचलता यायला हवं. काही पॉटींमध्ये भांडं खणासारखं मागे ओढायचं असतं. भरलेलं भांडं ओढताना हिसका बसतो आणि शू लादीवर सांडते. वरून उचलायचं भांडं सगळ्यात बरं. त्याच्या कडेला बोटं घालायला जागा आहे का तेही बघा, कारण काही महिन्यांनी ते मुलालाच उचलून संडासात ओतायचं असतं. रंग आतून पांढरा किंवा फिकट हवा. शूचा रंग गडद पिवळा झालाय, शीत रक्ताची रेघ आहे, हे गडद निळ्या भांड्यात दिसत नाही.

मग बसायची कड. बोट फिरवून बघा. स्वस्त मालात साच्याची शिवण कडेवरच येते आणि ती मांडीला बोचते. मूल एकदा बसून उठलं की मांडीवर लाल रेघ दिसते आणि दुसऱ्या दिवशी ते बसायला नकार देतं. मुलग्यांसाठी पुढे उंचवटा हवा, नाहीतर शूची धार सरळ समोर जाते. मात्र हा उंचवटा फार उंच आणि टणक असला तर बसता-उठताना लागतो. दोन-तीन सेंटिमीटरचा, गोल कडेचा पुरे. शिवाय मुलाला पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायला शिकवलं तर धार आपोआप खाली जाते.

शेवटी तळ. पॉटी दुकानाच्या लादीवर ठेवा आणि एका बाजूची कड तळहाताने जोरात दाबा. दुसरी बाजू उचलली गेली तर तळ अरुंद आहे. मूल बसताना नेहमी एकाच बाजूने टेकतं, त्यामुळे अशी पॉटी उलटते, आणि एकदा उलटली की त्या भीतीतून बाहेर यायला कित्येक आठवडे जातात. खाली चार रबरी बुचं असली तर उत्तम. झाकण, पाठ, टिश्यू अडकवायची दांडी यांचा उपयोग फारसा नाही.

मोटार, घोडा, बदक, गाणं वाजवणारी पॉटी या सगळ्यांना आमचा स्पष्ट नकार. चाकं असली की मूल तिच्यावर बसून घरभर फिरतं आणि शी करायच्या जागेचं खेळणं होतं. गाण्याच्या पॉटीत ओलसरपणा लागला की गाणं वाजावं म्हणून तळाशी संवेदक आणि बॅटरीचा डबा असतो. रोज धुताना त्यात पाणी जातं, खिळे गंजतात, आणि गाणं एक तर बंद पडतं किंवा नको तेव्हा वाजतं. बॅटरीच्या डब्याला स्क्रू नसेल तर ती वस्तू घरात आणूच नका. गोल चपटी बॅटरी मुलाने गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. आवाजाला दचकून मधेच शू थांबवणारी मुलंही असतात. आणि मोठ्या माणसाचा संडास तर गाणं वाजवत नाही, तिथे जायची वेळ आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

कमोडवर ठेवायची छोटी सीट साधारण २५० ते ७०० रुपयांना मिळते. ज्या घरात जागा कमी आणि भांडं धुणारं माणूस एकच, तिथे ही सोयीची: फ्लश केलं की काम झालं. पण ती निम्मीच वस्तू आहे. पायाखालचा स्टूल घेतला नाही तर लोंबकळत्या पायांची अडचण तशीच राहते. स्टुलाची उंची काढायला सोपा हिशेब आहे. सीट लावल्यावर जमिनीपासून बसायची उंची मोजा, त्यातून मुलाच्या दोऱ्याची लांबी वजा करा आणि दोन सेंटिमीटर मिळवा. बसायची उंची ४० आणि दोरा २० असेल तर स्टूल २२ सेंटिमीटरचा. आंघोळीला वापरतात तो प्लास्टिकचा बुटका स्टूल चालतो, फक्त वरचा भाग खरखरीत हवा आणि मुलाची दोन्ही पावलं मोकळी मावायला हवीत. एकावर एक दोन पाट ठेवून उंची साधू नका.

सीट न घसरता बसेल की नाही, हे आधी कळायला घरच्या कमोडवर जुना पेपर अंथरा, आतल्या भोकाच्या कडेवरून पेन्सिल फिरवा, तेवढा आकार कापा आणि दुकानात न्या. काही कमोड गोल असतात, काही लांबट, आणि "सगळ्यांना बसते" असं लिहिलेली सीट लांबट कमोडवर पुढेमागे सरकते. सीट उलटी करून खालचे अडसर बघा. सरकवून घट्ट करता येणारे अडसर सगळ्यात चांगले. नुसती रबरी पट्टी असेल तर ती ओली झाली की घसरते, आणि काही महिन्यांत निघूनही येते.

मऊ फोमच्या सीटचा मोह आवरा. हिवाळ्यात ती गार लागत नाही हे खरं, पण तिची शिवण धुण्याने उसवते, आत पाणी आणि शू मुरते, आणि वास काही केल्या जात नाही. टणक प्लास्टिकची सीट घ्या आणि डिसेंबर-जानेवारीत बसवण्याआधी कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून घ्या. नाशिकला त्या दिवसांत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो, गार प्लास्टिकला उघडं अंग लागलं की मूल शहारतं आणि सगळं आवळून धरतं. तीच गोष्ट जेटची. थंड पाण्याचा फवारा बसला की पुढच्या वेळी मूल शी झाली हेच सांगत नाही. मगातलं कोमट पाणी आणि आपला हात, एवढंच ठेवा. मुलींना पुढून मागे धुवायचं, उलट दिशेने नाही. शीतले जंतू शूच्या जागेत गेले की जळजळ आणि ताप येऊ शकतो.

दोन मुलं पाठोपाठची असतील तर मोठ्यांच्या सीटमध्येच छोटी सीट बिजागरीला जोडलेली येते, ती प्लंबरकडून बसवून घ्या. घेताना मागच्या दोन बोल्टांमधलं अंतर आपल्या कमोडशी जुळतंय का बघायचं. सरकण्याचा प्रश्नच मिटतो.

आता शिडीची सीट. सध्या सगळ्यात जास्त खपताना दिसते ती हीच, आणि तक्रारीही हिच्याच जास्त. साधारण ९०० ते २००० रुपये. कल्पना छान आहे: मूल स्वतः चढतं, दांडे धरतं, पायरीवर पाय टेकवून बसतं. अडचण आपल्या संडास-बाथरूमची आहे. लादीला जाळीकडे ढाळ असतो, म्हणून शिडीचा एक पाय हवेत राहतो आणि चढताना ती डुगडुगते. लादी बहुतेक वेळा ओली असते, तिथे प्लास्टिकचे पाय घसरतात. शिडीचं खालचं टोक कमोडपासून दीड-दोन फूट पुढे येतं, आणि तेवढ्यात समोरची भिंत आली तर मोठ्या माणसाला उभं राहून मदत करायला जागा उरत नाही. शिवाय वर पोचल्यावर मुलाला पाठ फिरवून बसावं लागतं. नेमकं तिथेच पाय निसटतो. घरातल्या आजी-आजोबांना दर वेळी ती उचलून बाजूला ठेवावी लागते, हेही लक्षात घ्या.

तरीही घ्यायचीच असेल तर संडास कोरडा राहणारा हवा, वरची पायरी रुंद हवी, आणि शिडीचे पाय उंचीला वेगवेगळे लावता यायला हवेत. वजनाची मर्यादा खोक्यावर बघा. नट-बोल्ट पहिले काही दिवस रोज हाताने तपासा, ते ढिले होतातच. पायरी एकच असलेली शिडी दोन पायऱ्यांच्या शिडीपेक्षा स्थिर असते, पण छोट्या मुलाचे पाय तिथे टेकतात का हे पुन्हा दोऱ्यानेच ठरवा.

ज्या घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे, मग तो जुन्या नाशकातला वाडा असो की सिडकोतलं घर, तिथे लोक उगाच कमीपणा मानून कमोडचं सामान घेऊन येतात. उकिडवं बसणं मुलांच्या अंगातच असतं. दोन वर्षांचं मूल मातीत खेळताना अर्धा-अर्धा तास तसंच बसतं. अडचण फक्त भांड्याच्या मापाची. पावलं ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर मोठ्यांच्या हिशेबाने असतं, मुलाचे पाय तेवढे फाकत नाहीत, आणि खाली काळं भोक दिसलं की आपण त्यात पडू असं त्याला खरंच वाटतं. त्या भीतीला हसू नका. साधारण तीन वर्षांपर्यंत बुटकी पॉटी संडासाच्या दाराशी ठेवा. मुलाने स्वतः भांडं संडासात ओतायचं, पाणी टाकायचं, त्यातून जागेची ओळख होते. नंतर संडासाच्या भांड्यावर बसवताना मोठ्या माणसाने समोर बसून दोन्ही हात धरावेत. भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर एक मजबूत दांडा बसवून घेतला तर हात सोडायला वेळ लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात स्टीलचा दांडा मिळतो. तो टाइलमध्ये नाही, आतल्या विटेपर्यंत गेलेल्या स्क्रूने पक्का करा.

आजी बाळाला पायांवर बसवून "शूऽऽ" करते, ती पद्धत चांगलीच आहे. बाळाच्या पाठीला आधार मिळतो, गुडघे वर येतात, आणि त्या आवाजाशी शूचं नातं जुळतं. पण तिथे वेळ आजी ओळखते, मूल नाही. स्वतः ओळखून सांगणं, चड्डी खाली करणं, बसणं, धुणं, हे पुढचं काम आहे आणि त्याला शरीर तयार व्हावं लागतं. बहुतेक मुलांमध्ये ते १८ महिन्यांनंतर केव्हातरी सुरू होतं आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान जमतं. दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते, शी करताना मूल पडद्यामागे किंवा कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, ओली लंगोट ओढून दाखवतं, "चड्डी काढ आणि ये" अशा दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर करतं. या खुणा दिसल्या की खरेदीला निघा. आधी आणलेली पॉटी टोपलीसारखी पडून राहते.

चड्ड्यांकडे आई-बाबांचं लक्ष कमी आणि पॉटीकडे जास्त असतं. खरं तर उलट हवं. साध्या सुती चड्ड्या १० ते १२ लागतात, नाशिकच्या पावसाळ्यात १५, कारण कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. माप एक नंबर मोठं घ्या आणि इलॅस्टिक सैल बघा, म्हणजे मूल स्वतः खाली ओढू शकतं. नाडी, बटण, डांगरी या काळात कपाटात. 'ट्रेनिंग पॅन्ट' म्हणून आत जाड थर असलेल्या सुती चड्ड्या साधारण १५० ते ३०० रुपयांना एक मिळतात. त्या एखादी छोटी शू शोषतात, जास्त नाही; पूर्ण शू झाली तर ओघळ येणारच. बाहेर जाताना घालायला चार पुरेत. त्या जाड असल्यामुळे पावसात लवकर वाळतही नाहीत. पॅन्टसारख्या चढवायच्या डायपरवर कितीही 'ट्रेनिंग' लिहिलेलं असलं तरी ते डायपरच. आत कोरडं वाटतं, म्हणून मुलाला शू झाल्याचं कळत नाही. ते रात्रीपुरते ठेवा. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, त्याला शरीर पिकावं लागतं. पाचव्या वर्षापर्यंत गादी ओली होणं अगदी सर्वसाधारण आहे. गादीवर रबरी ड्राय शीट, त्यावर सुती चादर, एवढंच लागतं.

निवड तुमच्या हातात असेल तर फेब्रुवारी ते मे हे दिवस उत्तम. कपडे कमी, वाळतात झटपट, लादी गार लागत नाही. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा चड्ड्या ओल्या होणार हे धरूनच चाला. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी, झोपण्याआधी पॉटीवर बसवा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतरची वेळ सगळ्यात फळते. तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मोबाइल हातात देऊन वीस मिनिटं बसवलेलं मूल शीकडे लक्षच देत नाही. दर पंधरा मिनिटांनी "शू आली का?" विचारू नका, उत्तर "नाही" हेच येईल, "चल, शू करून मग खेळू" म्हणा. चड्डीत झाली तर आवाज न चढवता, "शू चड्डीत झाली, शू पॉटीत करतात," आणि कपडे बदला. ओरडा खाल्लेलं मूल शी दाबून धरायला शिकतं.

आणि दाबून धरणं हाच या सगळ्यातला मोठा शत्रू. दाबली की शी कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की मूल आणखी दाबतं. टाचा उचलून, पाय घट्ट जुळवून, चेहरा लाल करून मूल उभं असेल तर ते जोर लावत नसतं, रोखत असतं. अशा वेळी कुठलीही पॉटी बदलून उपयोग नाही. आधी शी मऊ करा: दिवसभराचं दूध अर्ध्या लिटरच्या आत, पाणी पुरेसं, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका कुस्करून, वरण-भाकरी. द्राक्षांच्या हंगामात आपल्याकडे घरोघरी घोस असतात. लहान मुलाला अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका, घशात अडकतं. उभे चार तुकडे करून द्या. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शी होत असेल, रक्त दिसत असेल, पोट फुगत असेल, किंवा शिकलेलं मूल पुन्हा सतत ओलं व्हायला लागलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर पॉटीचा विषय बंद ठेवा.

धुण्याचं थोडक्यात. भांडं आधी संडासात रिकामं करायचं, तिथेच पाण्याने खळखळायचं. बेसिनमध्ये किंवा भांडी घासायच्या मोरीत नाही. मग साबण आणि वेगळा ठेवलेला ब्रश. ब्लीचचं पाणी वापरायचं असेल तर शू पूर्ण धुऊन गेल्यावरच, आणि संडास साफ करायच्या ॲसिडसोबत कधीच नाही. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. बोअरच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर बसतो आणि शूचा वास त्यालाच धरून राहतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन वीस मिनिटं ठेवलं की तो सुटतो. त्या वेळीही ब्लीच लांब ठेवा. वाळायला सावलीत ठेवा. गच्चीवरच्या उन्हात रोज ठेवलेली पॉटी वर्षभरात तडकते आणि तडा मांडीला चिमटा काढतो.

प्रवासाला घडीची पॉटी येते, पाय उघडायचे, पिशवी लावायची. नाशिक-पुण्यासारख्या पाच-सहा तासांच्या रस्त्याला ती कामाची आहे. फक्त तिचे पाय 'खट्' आवाज करून अडकतात का ते दुकानात दहादा उघडझाप करून बघा. न अडकणारे पाय मुलाच्या वजनाने आत मिटतात. महाग पिशव्या घ्यायची गरज नाही, न गळणारी साधी पिशवी आणि आत जुनी सुती लंगोट चालते.

जूनमध्ये बालवाडी सुरू होत असेल तर एप्रिलमध्येच तिथला संडास बघून या. भारतीय आहे की कमोड, पायाखाली स्टूल आहे का, दार आतून लागतं का, धुवायला मदत कोण करतं. घरी मूल 'शी' म्हणतं की 'पॉटी' की आणखी काही, तो शब्द बाईंना आणि मावशींना सांगून ठेवा. दप्तरात दोन चड्ड्या, एक पॅन्ट, ओल्या कपड्यांना पिशवी. आणि तिथे स्टूल नसेल तर दोऱ्याचं माप घेऊन घरून एक नेऊन द्या.